सुपातला पाऊस

घोंगड्या उतरवल्यावर ती खोली एवढीशी निघेल असं वाटलं नव्हतं. आमच्या जत तालुक्यातल्या त्या गावरेडिओच्या खोलीत मी तारुण्यातली चांगली काही वर्षं काढली, आणि माझ्या मनात ती नेहमी एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढी होती. भिंतींना चारही बाजूंनी काळ्या घोंगड्या लावलेल्या असायच्या, आवाज घुमू नये म्हणून. आता त्या दारात ढिगानं पडल्या होत्या आणि चुन्याच्या भिंतींवर त्यांच्या खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती.

गुलाबमावशींचा फोन आला म्हणून मी गेलो. "हणमंता, खोली मोकळी करायला लागल्यात रं. रेडिओ बंदच हाय कवाचा. आता आंगणवाडीला देणार म्हणं. तुझं काय असलं तर घिऊन जा."

माझं नाव हणमंत नाही. त्या रेडिओवर आमची एक श्रुतिका चालायची, तिच्यातल्या नवऱ्याचं नाव हणमंत होतं आणि त्याचा आवाज माझा होता. मावशींचा आवाज त्याच्या बायकोचा. मावशी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, नवरा केव्हाच गेलेला, पण बोलायला लागल्या की माइकमधून नुकतं लग्न झालेली पोर बोलतेय असं वाटायचं. माझं खरं नाव गावात आता सोसायटीच्या कचेरीत, पगाराच्या कागदावर आहे. बाकी सगळीकडं मी हणमंत.

मी खाली बसलो आणि एक घोंगडी नाकाशी धरली. मेंढरांचा वास अजून होता. लोकर, धूळ, आणि त्याखाली माणसांच्या घामाचा जुना, खारट वास. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद करावा लागायचा, कारण त्याची घरघर माइकला ऐकू जायची. चैत्र-वैशाखात आम्ही त्या लोकरीच्या खोलीत दार लावून बसायचो आणि घामानं ओल्या हातांनी कागद धरून पावसात भिजण्याचे संवाद म्हणायचो.

कारण आमच्या श्रुतिकेत पाऊस फार पडायचा. ती लिहिणाऱ्या सुलभाताई मूळच्या कोयनेकडच्या, आधी नर्स होत्या. त्यांना पावसाशिवाय गोष्ट सुचायची नाही. बाहेर टँकरच्या वाटेकडं डोळे लावून घागरी बसलेल्या, आणि आत ताई म्हणायच्या, "पाऊस द्या." मग गुलाबमावशी सुपात ज्वारी घ्यायच्या आणि घोळायला लागायच्या. हळू घोळली की भुरभुर, मनगट जरा वेगानं फिरवलं की पत्र्यावरची सर. पाऊस पडत असताना कुणी बोलायचं नाही, हा नियम होता. सूप थांबेपर्यंत थांबायचं, मग वाक्य घ्यायचं. वीज म्हणजे दारामागं टांगलेला पत्रा. नदी म्हणजे परातीतलं पाणी, आणि ते पाणी नंतर झाडाला घालायचं, सांडायचं नाही, अशी ताईंची सक्त ताकीद.

कधी ऐन बाळंतपणाच्या प्रसंगात टँकर आल्याचा हॉर्न वाजायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा मावशी कळांचं इतकं खरं ओरडल्या की शेजारच्या घरातली म्हातारी गरम पाण्याचं भगुलं घेऊन धावत आली. "कोण आडलीया?" तिनं दारातून विचारलं. आम्ही हसून हसून भुईवर लोळलो. म्हातारी मात्र हसली नाही. "न्हाई तर न्हाई," म्हणाली, "पर पानी तापवलंया तर आंघोळ तरी करा कुणीतरी."

त्या दिवशी मला कळायला हवं होतं की आमच्याकडं रेडिओवरचं माणूस नुसतं ऐकत नाहीत, त्याच्याकडं जातात.

श्रुतिका कशावर होती ते त्या काळात चारचौघांत उच्चारणं अवघड होतं. पाळी, दिवस राहणं, दोन लेकरांतलं अंतर, अंगावरून पांढरं जाणं, लग्नाआधी पोरीपोरांना कुणीच न सांगितलेल्या गोष्टी. ताई ते सगळं एका घरात घडवायच्या. हणमंत, त्याची बायको, दोन मुली. लोक ऐकायचे ते संध्याकाळी, भाकरीच्या वेळेला. तेव्हा मोबाइलमध्ये रेडिओ असायचा आणि कानातली वायर जोडल्याशिवाय तो लागायचा नाही. ती वायर गळ्यात लोंबती ठेवून, आवाज बाहेर मोठा सोडून बायका देवळाच्या कट्ट्यावर एकत्र बसायच्या. मेंढपाळ काठीला मोबाइल बांधून रानात ऐकायचे. जाळाचा धूर, थापलेल्या भाकरीचा आवाज आणि घराघरातून येणारा माझाच आवाज, असं मी कितीदा गल्लीतून चालत गेलोय. खोटं कशाला सांगू, त्या गल्लीतून मी मुद्दाम हळू चालायचो.

माझ्या घरातही दोन मुली होत्या. माझी बायको कस्तुरी सीमेपलीकडच्या कानडी घरातली. तिकडच्या बायका नवऱ्याला 'री' म्हणतात, तशी ती मला हाक मारायची. मराठी बोलायची ती एकेका शब्दाला जरा झोका देऊन. ताई कागद घरी द्यायच्या, पाठ करायला. मी चुलीपुढं बसून हणमंतची वाक्यं म्हणायचो आणि कस्तुरीला मावशींची वाक्यं सांगायचो, ती पीठ मळता मळता ती परत म्हणायची. तिच्या तोंडून ती कानडी झोक्यात यायची आणि मुली खिदळायच्या.

"री, तुमच्या त्या बाईला रडायचं कळंना बगा," ती म्हणायची. "नवऱ्यावर रुसल्याली बाई आसं भांडं पडल्यागत रडती काय?"

"मग कशी रडती?"

"रडतच न्हाई. भाकरी जरा जास्त भाजती."

हणमंतच्या नसबंदीचा भाग आला तेव्हाही आम्ही असेच बसलो होतो. आमच्याकडं ऑपरेशन करायचं ते बायकांनी, त्याबद्दल कधी दुसरा विचार कुणी केला नव्हता. पुरुषानं केलं तर त्याची ताकद जाते, तो शेतात नांगर धरू शकत नाही, असं सगळे धरून चालायचे. ताईंना ते मोडायचं होतं. कागदावर बायको म्हणत होती, "तुम्ही कशाला? बायकाच करतात की." आणि हणमंत म्हणत होता, "दोन बाळंतपणं तू सोसलीस. आता एवढं माझ्याकडं राहू दे."

ते वाक्य मी म्हटलं आणि कस्तुरीचे हात परातीत थांबले. तिला तिचं वाक्य आठवेना. धाकटीच्या वेळी ती फार आजारी पडली होती, मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर होती. पुढचं मूल नको, हे आमचं ठरलेलं होतं, पण करायचं कुणी हे ठरलं नव्हतं.

"री," ती म्हणाली, "हे नाटकातच काय?"

"नाही गं. खरंच. एवढं रेकॉर्डिंग होऊ दे, मग जाऊन येतो."

ती हसली. ज्वारीचं पीठ लागलेल्या मनगटानं तिनं कपाळावरचे केस मागं सारले. पिठाचा पांढरा पट्टा कपाळावर तसाच राहिला होता. मला तिचा चेहरा आठवायचा झाला तर तोच आठवतो.

तो भाग फार गाजला. त्याच्या शेवटी हणमंत थेट ऐकणाऱ्यांशी बोलायचा. मी म्हणालो होतो, "मी स्वतः करून आलो. बिनटाक्याची असते. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी चालत रानात गेलो." दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर दोघंतिघं माझ्याभोवती आली. एकानं इकडं तिकडं बघून हळूच विचारलं, "खरं सांग गड्या. दुखतं का?"

मी म्हणू शकलो असतो, अरे ते नाटक आहे. पण ती माणसं माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती तसं याआधी कुणी बघितलं नव्हतं. सोसायटीतल्या कारकुनाकडं कोण बघतं? मी कप खाली ठेवला आणि हणमंतच्या आवाजात म्हणालो, "अजिबात न्हाई."

"आन बाकीचं? त्ये... घरातलं?"

"पैल्यापेक्षा झ्याक."

हशा झाला, माझ्या पाठीवर थाप पडली. त्यातले काहीजण पुढं खरंच जाऊन करून आले. त्यांच्या बायका मला रस्त्यात बघितलं की डोईवरचा पदर सारखा करायच्या, देवाला करतात तसा. ताईंना केवढा आनंद झाला होता. माझी आई मात्र माझ्याशी बोलेना. तिला नातू हवा होता. ती माझ्या ताटात भाजी वाढायची आणि दुसरीकडं बघायची. मी तिलाही काही सांगितलं नाही. तिचा राग मला सहन होत होता. उलट तो राग म्हणजे मी काहीतरी मोठं केल्याची पावती आहे असं वाटायचं. केलं तर काहीच नव्हतं.

दवाखान्यात जायचं मी पुढं ढकलत राहिलो. सुगी आली, मग जत्रा आली, मग थंडी. ही कारणं नव्हती. मी भीत होतो. इतरांची भीती घालवणारा माणूस ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकापर्यंत सायकलनं जायचा, समोरच्या दुकानातून मुलींना खारी घ्यायचा आणि परत यायचा. कस्तुरीनं आठवण करायचंही हळूहळू सोडलं. खारीचा पुडा बघितला की तिला समजायचं.

आणि मग तिला दिवस गेले.

आमच्या गावात कुणी काही तोंडावर बोललं नाही. मी गाड्यावर गेलो की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाच पावसापाण्याचं काढायचं. तिच्या वाट्याला टँकरची रांग आली. बायका रांगेत एकमेकींच्या घागरी पुढं सरकवतात, तशी तिची घागर कुणी सरकवेना. ती जिथं ठेवायची तिथंच राहायची, आणि तिच्या पुढंमागं माणूसभर जागा मोकळी पडायची. हणमंतनं तर करून घेतलंय, आख्ख्या गावाला सांगितलंय, मग हे कुणाचं? परक्या मुलखातली, परक्या भाषेची बाई, असं सोपं झालं सगळं. माझ्या आईनं तिच्या हातची भाकरी खायचं बंद केलं. वेगळी चूल मांडली, परसात, तीन दगडांची. त्या चुलीचा धूर वारा आला की आमच्या घरात यायचा.

"री," कस्तुरी म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. "तुमी एकदा बोला. येवढंच. मी न्हाई केलं म्हनून बोला. बाकी मला काय नको."

सुलभाताईंपर्यंत हे मावशींकडून गेलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. "उद्याच्या भागानंतर तुम्ही स्वतःच्या नावानं बोलायचं," त्या म्हणाल्या. "मी नाटकात काम करतो, मी नसबंदी केलेली नाही. दोन वाक्यं. मी कागदावर लिहूनही देणार नाही."

"ताई, मग ज्यांनी माझं ऐकून केलं ते काय म्हणतील? पुढं कुणी येणार नाही."

"ते मी बघते. तुम्ही घर बघा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थेट जाणार होतं. मावशी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कारण भागाचा शेवट पावसावर होता. पाऊस पडला, कमी झाला, थांबला. शेजारच्या मशीनच्या खोलीतून, काचेपलीकडून ताईंनी हात खाली केला. म्हणजे बोला. घोंगड्यांचा वास इतका दाटला होता की श्वास घेतला तरी आत लोकरच जाते आहे असं वाटत होतं. मला माहीत होतं, घरी चुलीपुढं कस्तुरी मोबाइल मांडीवर घेऊन बसली असेल, वायर गळ्यात टाकून. मला हेही माहीत होतं की गाड्यावर ती माणसं बसली असतील.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नमस्कार. मी हणमंत."

पुढं काय बोललो ते आठवत नाही. वेळ भरून काढण्याइतकं काहीतरी चांगलं बोललो असणार. मावशी मांडीवरच्या सुपाकडं बघत राहिल्या. ताईंनी काचेपलीकडं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

घरी आलो तेव्हा मोबाइल फळीवर नेहमीच्या जागी होता, वायर नीट गुंडाळलेली. कस्तुरीनं ताट वाढलं. भाकरी जरा जास्त भाजली होती.

सकाळी ती मावशींबरोबर मिरजेला निघाली. मूल तिला ठेवायचं नव्हतं, आणि ते ठरवताना तिनं मला विचारलं नाही. एसटीच्या थांब्यावर बाभळीखाली ती उभी होती, हातात कापडी पिशवी. मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

"नगा," ती म्हणाली. "येवढं माझ्याकडं राहू द्या."

बस आली आणि गेली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

ती परत आली आणि घर पूर्वीसारखंच चालू झालं. बोलणं, स्वयंपाक, मुलींच्या वेण्या, सगळं. फक्त 'री' गेलं. त्या दिवसानंतर तिनं मला हाकच मारली नाही, गरज पडली तर मुलींना पाठवायची, "बाबास्नी सांग." पीठ मळताना ती एक कानडी गाणं गुणगुणायची, तेही कुठं गेलं कळलं नाही. मला त्याचे शब्द कधी समजले नव्हते, त्यामुळे आता आठवायलाही काही नाही, फक्त चाल. तीही अर्धी.

थोड्या दिवसांनी मी एकटा गेलो आणि शस्त्रक्रिया करून घेतली. आणि मला हे लिहायला जड जातं, पण लिहितो. दुखलं नाही. मुंगी चावल्यासारखं झालं, बसून थोडा चहा प्यालो, एसटीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशी चालत रानात गेलो. हणमंत जे बोलला होता ते शब्दन् शब्द खरं होतं. रानाच्या बांधावर बसून मी त्या दिवशी रडलो ते त्यासाठी. मोठं काही दुखलं असतं तर बरं झालं असतं.

मग आईकडं गेलो. ती परसात तिच्या तीन दगडांपुढं बसली होती, फुंकणीनं जाळ करत. मी तिला सगळं सांगितलं. तवा केलं नव्हतं, आत्ता करून आलोय, पोर माझं होतं.

तिनं ऐकून घेतलं. धुरानं डोळ्यांना पाणी येत होतं, ते पदरानं पुसलं.

"येकदा केल्यालं दुसऱ्यांदा कसं करत्यात रं?" ती म्हणाली.

"आई, पहिल्यांदा केलंच नव्हतं. ते रेडिओवरचं नाटक होतं."

"आख्खा गाव ऐकत हुता. आख्ख्या गावाफुडं खोटं बोलशील व्हय तू? माझं लेकरू तसं न्हाई." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. किती दिवसांनी तिनं मला हात लावला होता. "आता बायकूला झाकायसाठी बोलतूयास. बोल. बापय मानसानं बायकूला झाकावंच. मी न्हाई कुणाला सांगत."

गाड्यावर सांगितलं तेव्हाही तसंच झालं. एकजण समजुतीनं म्हणाला, "जाऊ दे गड्या. मोठ्या मनाचा हायस." मी ओरडलो असतो तरी त्यांनी ते मोठ्या मनातच जमा केलं असतं. माझा आवाज त्यांनी आधी हणमंतला दिला होता. मला त्यातलं काही परत मिळालं नाही. आई गेली ती माझ्या बायकोला माफ करून गेली, आणि ती माफी कस्तुरीला शेवटपर्यंत तिच्या पायाशी बसून ऐकावी लागली.

श्रुतिका पुढं वर्षभर चालली. मी आजारी असल्याचं सांगून सोडली, हणमंतला ताईंनी नोकरीसाठी मुंबईला पाठवून दिलं. नंतर सगळ्यांच्या हातात चित्रं दिसणारे मोबाइल आले आणि कट्ट्यावरच्या बायका उठून आपापल्या घरात गेल्या. सुलभाताई त्यांच्या गावी साताऱ्याकडं गेल्या. मुली लग्न होऊन गेल्या.

"ह्ये तरी ने," त्या दिवशी गुलाबमावशी म्हणाल्या आणि ढिगातून सूप काढून माझ्या हातात दिलं. एका कडेला वेत सुटलेला, शेणानं सारवलेला तळ झिजून गुळगुळीत झालेला. पत्र्याची वीज भंगारात गेली होती. मावशींचा आवाज आता खरोखर म्हातारा झाला आहे. "कस्तुरीला म्हनावं, गुलाबनं दिलंया. माझी हाय ती पोर."

दुपारी घरी आलो. कस्तुरी सोप्यात ज्वारी निवडायला बसली होती. तिच्या पुढ्यात सूप ठेवलं आणि मावशींचा निरोप सांगितला. तिनं ते हातात घेतलं, तळावरून बोटं फिरवली. ओळखलं असावं. मग बाजूचं स्वतःचं सूप सारून तिनं त्यात ओंजळीनं ज्वारी घातली आणि घोळायला लागली.

मी खांबाला टेकून बसलो. डोळे मिटले नाहीत तरी ती लोकरीची खोली आली, घामानं ओला कागद आला. बाहेर लख्ख ऊन होतं, टँकरची वाट होती, आणि घरात पाऊस पडत होता. आणि मला एकदम कळलं की इतक्या वर्षांत मी गावाला सांगितलं, आईला सांगितलं, बांधावर बसून स्वतःला सांगितलं, दुखलं का न दुखलं, सगळं माझंच. मिरजेहून आल्यावर मी तिला एक गोष्ट विचारली नव्हती.

"तुला फार दुखलं होतं का गं?" मी म्हणालो.

तिनं वर बघितलं नाही. मनगट थांबलं नाही. सर जरा वाढली.

घरात कागद पाठ करायचो तेव्हा हा नियम मीच तिला सांगितला होता, पाऊस चालू असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मी थांबून राहिलो. खडे केव्हाच निघून कडेला आले होते, ज्वारी स्वच्छ झाली होती, आणि ती घोळतच होती.